मृदा आरोग्य पत्रिका: येवला-सिन्नरच्या जिरायत रानाला किती कामाची?

नाशिक जिल्ह्यातच इगतपुरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, येवल्यात जेमतेम पाचशे. सरकारी माती तपासणीचा अहवाल, म्हणजे मृदा आरोग्य पत्रिका, मात्र दोन्हीकडे एकाच साच्याची. सामू (पीएच), क्षारता, सेंद्रिय कर्ब (कुजलेल्या पालापाचोळ्या-शेणातून आलेला), नत्र-स्फुरद-पालाश, गंधक आणि पाच सूक्ष्म अन्नद्रव्यं अशा 12 नोंदी 2015 पासून मिळताहेत. पत्रिका जरूर काढा, पण अवर्षणाच्या पट्ट्यात ती खताच्या तक्त्यापासून वाचायला सुरुवात करू नका.

आधी कर्ब बघा. 0.5 टक्क्यांच्या खाली असेल तर रान ओसाडीच्या वाटेला लागलंय. उघड्या, तापलेल्या जमिनीत कर्ब जळतो, ढेकळं फुसकी होतात आणि वळवाच्या सरीत बारीक गाळ वाहून जातो. अन्नद्रव्यं आणि ओल धरणारे कण तेच. मागे मुरूम उरला की युरिया वाढवून काही हाती लागत नाही.

सामू 8 च्या वर असेल तर जस्त आणि लोह मातीत असूनही पिकाला मिळत नाही. शिरा हिरव्या आणि पान पिवळं, ही त्याची खूण. द्राक्ष-डाळिंबवाल्यांनी मुक्त चुना वेगळा तपासून घ्यावा, तो या 12 नोंदींत नाही. सामू 8.5 च्या पुढे गेला तर विनिमययोग्य, म्हणजे मातीच्या कणांना चिकटलेला, सोडियमही तपासा. तो 15 टक्क्यांच्या वर असेल तर जमीन चोपण, म्हणजे सोडियमने बिघडलेली. हा आकडा हाती नसताना चोपण सुधारायचं जिप्सम टाकणं म्हणजे पैसा मातीत घालणं.

खरी उणीव नमुन्यात आहे. जिरायतीत 10 हेक्टरच्या चौकटीला एक नमुना! त्यात माळाची हलकी बरड जमीन आणि ओढ्याकाठची काळी एकत्र होते. म्हणून स्वतःचा नमुना द्या. नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी इंग्रजी व्ही आकाराचा 15 ते 20 सेंटिमीटरचा खड्डा घ्या, कडेची माती लाकडी खुरप्याने खरवडा. लोखंडाने लोहाचा आकडा बिघडतो. बांध, झाडाखालची जागा आणि उकिरडा टाळा. माती सावलीत वाळवा, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकत अर्धा किलोवर आणा. खताच्या गोणीत भरू नका.

पाणी मुरण्याचा वेग पत्रिकेत नसतो. तो घरीच बघता येतो: 15 सेंटिमीटर व्यासाचा पाइपाचा तुकडा जमिनीत ठोकायचा, 450 मिली पाणी ओतून ते मुरायला किती वेळ लागतो ते घड्याळावर बघायचं. सोबत एक वाळलेलं ढेकूळ पाण्याच्या पेल्यात सोडा. पाच मिनिटांत विरघळलं, तर रासायनिक खताआधी शेणखत, हिरवळीच्या खतासाठी ताग आणि उताराला आडवी पेरणी.