बारा भोकांचा हायड्रोपोनिक किट: पालकाला पास, मेथीला नापास

मुलुंडला आमची तिसऱ्या मजल्यावर पूर्वेकडची ग्रिल. सकाळचं ऊन, अकरानंतर सावली. कुंड्यांना पाणी घातलं की मातीचे ओघळ थेट खालच्या काकूंच्या वाळत घातलेल्या चादरींवर. त्या कटकटीपायी मातीऐवजी खत घातलेल्या पाण्यावर भाजी वाढवणारा हा हायड्रोपोनिक किट मागवला: टाकी, छोटा पंप, वर बारा भोकं, जाळीच्या वाट्या, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि खताच्या दोन बाटल्या, अ आणि ब.

पालक आणि लेट्यूसबद्दल बोलायलाच नको. पानं कोवळी, मातीचा कण नाही, एकदा धुतली की कढईत. बाहेरची पानं खुडत राहिलं की आतून नवी येतात. पुदिना तर आवरावा लागतो.

पण मेथी? ती आपण पसरट कुंडीत मूठभर दाणे भुरभुरून दाट लावतो, तेव्हा कुठे भाजीपुरती निघते. बारा भोकांतल्या मेथीत एक पराठासुद्धा धड हिरवा व्हायचा नाही. खोक्यावर मात्र फोटो मेथीचाच! कढीपत्त्याचं तर नावच काढू नका, त्याला मातीच हवी.

सोबतचं माहितीपत्रक अगदीच फुसकं. अ आणि ब बाटल्या तशाच एकत्र ओतल्या तर एकीतलं कॅल्शियम दुसरीतल्या फॉस्फेट-सल्फेटला धरून पांढरा गाळ बनतो आणि तो झाडाच्या काही उपयोगाचा नाही. आधी टाकीभर पाण्यात एक घालून ढवळायची, मग दुसरी. हे पत्रकात नाही. पाण्याचा पीएच, म्हणजे आंबटपणाचं माप, ५.५ ते ६.५ च्या आसपास हवा, पण तो तपासायच्या पट्ट्या वेगळ्या विकत घ्यायच्या. शेणखत घातलेली लाल माती असलं कमीजास्त पोटात घालते. इथे दोन दिवस दुर्लक्ष झालं की पानं पिवळी.

खरी परीक्षा मे महिन्यात. २५ अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ८.३ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो, ३० अंशांना ७.५ च, म्हणजे मुळांना श्वासाला कमी. त्यात उकाड्यात मूळकूज फोफावते. वाटी उचलून पाहिली तर एरवी शेवयांसारखी पांढरी लोंबणारी मुळं तपकिरी, बुळबुळीत, आणि वास असा की सासूबाईंनी गॅलरीचं दार लावून घेतलं. आता टाकीला थर्माकोल गुंडाळते आणि दुपारी आत गोठवलेल्या पाण्याची बाटली ठेवते. पालक त्यावर तग धरतो, लेट्यूस नाही.

टाकीचं झाकण घट्ट बसतं, हे मात्र आवडलं. पावसाळ्यात पालिकेची माणसं डासांच्या अळ्या शोधत येतात तेव्हा कुंड्यांखालच्या ताटल्या आधी बघतात.

पाचपैकी साडेतीन. घ्यायचाच असेल तर नोव्हेंबरात घ्या, आणि विक्रेत्याला खताच्या बाटल्या सुट्या मिळतात का ते आधी विचारा. आमच्या विक्रेत्याकडे नुसत्या बाटल्या मिळत नाहीत, अख्खा किटच पुन्हा घ्या म्हणतो.