डोंगरउतारावरील घरासाठी रेडॉन तपासणी व निवारण सेवा: अभिप्राय
ग्रॅनाइटमधील युरेनियमच्या किरणोत्सारी क्षयसाखळीतून निर्माण होणारा, फुफ्फुसांना घातक असा रेडॉन वायू तळघराच्या भेगांतून घरात शिरतो आणि त्याची पातळी ऋतूनुसार बरीच बदलते, हे लक्षात घेऊन या सेवेने कोळशाच्या डबीच्या अल्पकालीन चाचणीवर न थांबता अल्फा-ट्रॅक डिटेक्टर (अल्फा कणांच्या खुणांवरून रेडॉन मोजणारे दीर्घकालीन मापक) 3 महिने ठेवला, हे मला सर्वांत पटले. आकडा जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रति घनमीटर 100 बेकरेल (किरणोत्सार मोजण्याचे एकक) या संदर्भपातळीच्या बराच वर निघाला. मग फरशीखालची हवा पंख्याने ओढून पाइपने छपरावर सोडण्यात आली. डोंगराला टेकलेल्या मागच्या भिंतीसाठी मात्र वेगळा पाइप लागला, आणि तो अंदाजपत्रकात आधीच दाखवायला हवा होता. पंखा रात्री किंचित घुमतो. फेरतपासणी मूळ शुल्कातच झाली व पातळी 100 च्या खाली आली.