साखर जोडायची तर: ग्लायकोसिंथेज की ट्रान्सफरेज?

साखरेचे दोन रेणू ठरलेल्या जागी जोडायचे तर रसायनशास्त्रज्ञाला एकेक हायड्रॉक्सिल (OH) गट झाकत-उघडत बसावं लागतं. जिवाणूंची विकरं (एन्झाइम) हेच काम एका पायरीत करतात.

ग्लायकोसिंथेज मुळात साखरेचे जोड तोडणारं विकर. १९९८ मध्ये कॅनडात स्टीफन विदर्स यांच्या गटाने अ‍ॅग्रोबॅक्टेरियम या जिवाणूच्या बीटा-ग्लुकोसिडेज या विकरातलं ३५८ व्या जागचं ग्लुटामेट हे अमिनो आम्ल काढून तिथे अ‍ॅलॅनिन बसवलं. तोडण्याचं हत्यारच गेलं! आता अल्फा-ग्लुकोसिल फ्लोराइड (फ्लोरिन जोडलेलं ग्लुकोज) दिलं की ते बीटा प्रकारचा जोड बांधतं, आणि बांधलेला जोड परत तोडत नाही. एका अमिनो आम्लात एवढा पालट. मला तरी ही युक्ती अफलातून वाटते. अडचण अशी की फ्लोराइड वेगळं बनवून घ्यावं लागतं, आणि जोड १,४ होणार की १,३ (समोरच्या साखरेच्या चौथ्या कार्बनला की तिसऱ्या), हे समोरच्या साखरेवरही ठरतं.

ट्रान्सफरेज जन्मतःच जोडणारं, जागेबाबत बहुधा जास्त काटेकोर. पण यूडीपी-ग्लुकोजसारखे त्याचे दाते (जोडायची साखर पुरवणारे रेणू) परीक्षानळीत महाग पडतात. जिवंत ई. कोलाय पेशी दाता स्वतःच बनवते, तिथे मात्र हिशोब उलटतो. आईच्या दुधातलं २′-फ्युकोसिललॅक्टोज, ही एक जोडसाखर, असं बनवता येतं, तेही हेलिकोबॅक्टर पायलोरीच्या ट्रान्सफरेजने. जठरात व्रण करणारा जिवाणू बाळाच्या दुधाच्या कामी! मोठ्या उत्पादनासाठी मी हाच रस्ता धरेन.