धाबं ठेवायचं की पत्रे टाकायचे?

अमळनेर तालुक्यातलं आजोबांचं घर आम्ही घरचेच मिळून दुरुस्त करतोय. गाडं अडलंय छतावर: आहे ते धाबं, म्हणजे लाकडी कड्यांवर माती टाकलेलं सपाट छत, ठेवायचं की पत्रे टाकायचे. पत्रे टाकले की दोन दिवसांत मोकळे, दरवर्षीची कटकट नाही. पण मे महिन्यात पारा ४४-४५ वर जातो तेव्हा दुपारी पत्र्याखाली बसून दाखवा! पावसात तर बोलायचं तेही ओरडून.

धाब्याचं तसं नाही. मातीचा जाड थर ऊन आत यायलाच वेळ लावतो, भर दुपारी माजघर गार. खर्च कमी, मेहनत मात्र भरपूर: मृगाआधी खारी माती पसरायची, चोपायची, गवत उपटायचं, पन्हळ मोकळी ठेवायची. एक वर्ष चुकलं की धार थेट भांड्यांच्या मांडणीवर.

खरी मेख मातीच्या वजनाची. परवा बाबांनी ते पेलणाऱ्या कड्यांना खिळा टोचून पाहिला. दोन कड्यांत तो बोटभर आत गेला, भुसा हातात आला. वाळवी. बाकीचा साग असा ठणठणीत, की खिळाच वाकला.

त्यामुळे आमचा कल असा: त्या दोन कड्या बदलून घरावर धाबंच, पत्रे फक्त गोठ्यावर. आईचा निकाल तर आधीच लागलाय: "पत्र्यावर कुरडया कुठे वाळत घालू?"