१६५ हर्ट्झचा मॉनिटर, दहा महिने, आणि त्यातले दोन महिने फुकट

जानेवारीत लॅमिंग्टन रोडवरून २७ इंची, १४४०पी (२५६० बाय १४४० ठिपके), १६५ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १६५ वेळा चित्र बदलू शकणारा, आयपीएस पॅनलचा मॉनिटर घेतला, आता नोव्हेंबर संपत आला, म्हणून म्हटलं एकदाचं लिहून टाकू. मॉडेल मुद्दाम सांगत नाहीये, कारण या किमतीत चार-पाच कंपन्यांचे मॉनिटर उन्नीस-बीस सारखेच असतात, आणि मला जो ताप झाला त्यातला निम्मा तर माझ्याच अडाणीपणाचा होता. पीसी साधाच, रायझन ५ ५६०० प्रोसेसर आणि एनव्हिडियाचं आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्ड. खेळतो व्हॅलोरंट आणि काउंटर-स्ट्राइक २, दोन्ही ऑनलाइन गोळीबाराचे गेम, रविवारी वेळ मिळाला तर एखादा स्टोरीवाला गेम.

तो खोका ग्रँट रोडवरून भांडुपला लोकलने आणला, दुपारी दोनची स्लो, दादरला उतरून पुलावरून सेंट्रलला, खांद्यावर २७ इंचाचा खोका आणि समोरून येणारी गर्दी, टॅक्सीचे पैसे वाचवले त्याचा पश्चात्ताप पुलाच्या मधोमध झाला. घरी आणला, दुकानदाराने दिलेली एचडीएमआय केबल लावली, चालू केला, स्क्रीन मोठी, रंग मस्त, भाऊ पण खूश. आणि पुढचे दोन महिने मी सगळ्यांना सांगत फिरलो की १६५ हर्ट्झ म्हणजे काय चीज आहे.

मार्चमध्ये मावसभाऊ राहायला आला. त्याने माउस हलवला, दोन सेकंद बघितलं आणि विचारलं, "दादा, हा साठवर का चालवतोस?"

विंडोजच्या सेटिंग्जमध्ये सिस्टीम, डिस्प्ले, अॅडव्हान्स्ड डिस्प्ले असं आत गेलं की खाली रिफ्रेश रेट दिसतो, तिथे ढळढळीत ६०. नवा मॉनिटर जोडला की कॉम्प्युटर बऱ्याचदा ६० वरच ठेवतो, बदलायचं आपण. म्हणजे दोन महिने मी साठच हर्ट्झ बघून वा वा करत होतो. ६० हर्ट्झला एक चित्र साधारण १६.७ मिलिसेकंद स्क्रीनवर राहतं, १४४ ला ७ च्या आत, १६५ ला ६. लिस्टमध्ये मला १४४ च दिसत होतं, १६५ नाही, कारण माझ्या मॉनिटरचं एचडीएमआय १४४०पी ला तेवढ्यावरच थांबतं. ते कागदावर लिहिलेलं होतं. कागद कोण वाचतं.

आता १४४ केल्यावर फरक पडला, खोटं कशाला बोलू, पहिल्या दिवशी माउस लोण्यावरून फिरतोय असं वाटलं. पण चार दिवसांत नवीन दुखणं, जोरात वळलं की चित्र आडवं फाटतं, वरचा अर्धा भाग पुढचा आणि खालचा मागचा. म्हणून व्ही-सिंक चालू केलं. फाटणं गेलं पण बंदूक जड झाली. म्हणजे क्लिक केलं की गोळी सुटते, पण आपण आधी आणि गोळी नंतर, हाताला कळतं ते, नुसतं बघणाऱ्याला नाही कळत. व्ही-सिंक म्हणजे कार्डने चित्र तयार केलं तरी मॉनिटरची पुढची वेळ येईपर्यंत ते थांबवून ठेवायचं, आणि अशी दोन-तीन चित्रं मागे साठली की तुम्ही बघताय ते शिळं. माझा पिंग, म्हणजे गेमच्या सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ, तर उत्तम, व्हॅलोरंटचा सर्व्हर मुंबईतच आहे, आठ-दहा मिलिसेकंदांच्या वर जात नाही, तरी समोरचा मला आधी मारतो. रत्नागिरीचा मित्र म्हणायचा तुझं तर सगळं मुंबईत, तुला कसली कारणं. खरंय, पण पिंग म्हणजे बाहेरचा रस्ता, घरातल्या घरात किती वेळ जातो ते पिंगमध्ये दिसतच नाही.

मग मी मोबाइलचा २४० एफपीएसचा, म्हणजे सेकंदाला २४० फ्रेम टिपणारा, स्लो-मोशन कॅमेरा काढला, एका फ्रेममध्ये माउसवरचं बोट आणि स्क्रीन दोन्ही येईल असा पुस्तकांच्या थप्पीवर ठेवला आणि क्लिकपासून बंदुकीच्या जाळापर्यंतचे फ्रेम मोजले. एक फ्रेम म्हणजे चार मिलिसेकंदाच्या थोडं वर. ६० हर्ट्झ आणि व्ही-सिंक परत लावून मोजलं तर अठरा-वीस फ्रेम. १४४ वर व्ही-सिंक बंद करून आठ-नऊ. बोट नक्की कधी दाबलं गेलं ते धड दिसत नाही त्यामुळे एखाद-दोन फ्रेम इकडेतिकडे, हे काही लॅबचं काम नव्हे, पण वीस आणि आठ यातला फरक कोणालाही दिसेल.

काउंटर-स्ट्राइकमध्ये वेगळंच. तिथे सगळं हाय केलं होतं, कार्ड सतत ९९ टक्के, एफपीएस (कार्ड सेकंदाला बनवतं तेवढी चित्रं) १२०-१३०, आकडा वाईट नाही पण खेळताना चिखलात पाय रोवल्यासारखं. इथे मला सगळ्यात उशिरा कळलेली गोष्ट आहे. कार्ड पूर्ण भरलं की प्रोसेसर पुढच्या चित्रांचं काम तयार करून रांगेत लावत बसतो आणि रांग जेवढी लांब तेवढा तुमचा क्लिक मागे. दादरच्या पुलाचं तेच ना, लोकल दर तीन मिनिटांनी येऊ दे, पुलावरच अडकलात तर तुमच्यासाठी ती काय कामाची. उपाय म्हणजे पुलावर माणसं कमी सोडायची. शॅडो आणि अँटी-अलायझिंग (कडा गुळगुळीत करणारी सेटिंग) खाली आणलं, एफपीएसला लिमिट लावली, आणि गेममधलं एनव्हिडिया रिफ्लेक्स चालू केलं, ते २०२० पासून आहे आणि काम नेमकं हेच करतं, रांग लागू देत नाही. एफपीएस जास्त म्हणजे फास्ट हे डोक्यात इतकं बसलेलं असतं की लिमिट लावायला हात धजत नाही, मला दोन आठवडे लागले. ज्या गेममध्ये रिफ्लेक्स नाही तिथे एनव्हिडिया कंट्रोल पॅनलमध्ये लो लेटन्सी मोड अल्ट्रा ठेवतो. रिफ्लेक्सचं ऑन प्लस बूस्ट मात्र नाही ठेवत, त्यात कार्ड विनाकारण जोरात धावतं आणि आमच्याकडे एसी नाही. मे महिन्यात दुपारी कार्ड ८० डिग्रीच्या वर जायचं, पंख्याचा आवाज ऐकून आई विचारायची मिक्सर कोण लावलाय. लिमिट लावल्यावर तो आवाज पण गेला.

मॉनिटर जोडायची दुसरी, डिस्प्लेपोर्टची केबल सापडली ती गणपतीच्या आधी. आईने माळा साफ करायला काढला, खोका खाली आला, आणि थर्मोकोलच्या खालच्या खाचेत केबल पिशवीत जशीच्या तशी. आठ महिने माझ्या डोक्यावर लोंबत होती म्हणा. ती लावल्यावर १६५ दिसायला लागलं, पण १४४ आणि १६५ मध्ये जेमतेम एक मिलिसेकंदाचा फरक, मला तरी हाताला कळत नाही, ज्याला कळतो त्याला नमस्कार. खरा फायदा दुसराच झाला, जी-सिंकचा पर्याय उघडला. माझा मॉनिटर बॉक्सवर फ्रीसिंकवाला, म्हणजे एएमडीच्या तशाच तंत्राचा आहे, पण २०१९ पासून एनव्हिडियाचं कार्ड असे मॉनिटर चालवतं, डिस्प्लेपोर्टवर, माझ्या एचडीएमआयवर तो पर्यायच येत नव्हता. यात मॉनिटर कार्डच्या चालीने चालतो, चित्र आलं की दाखव, म्हणून फाटत पण नाही आणि थांबत पण नाही.

फक्त एफपीएस १६५ ला टेकता कामा नये, टेकलं की परत तीच रडगाणी. म्हणून जी-सिंक चालू, कंट्रोल पॅनलमधलं व्ही-सिंक चालू, गेमच्या आतलं बंद, आणि लिमिट १५७. व्ही-सिंक चालू वाचून मी पण दचकलो होतो, पण लिमिट खाली असली की ते मध्ये येत नाही, एखादा फ्रेम सटकला तरच सांभाळतं. आता मोजलं तर सात-आठ फ्रेम, आणि फाटणं शून्य. व्हॅलोरंटमध्ये सगळं सिंक बंद करून २५०-३०० एफपीएस सोडलं तर अजून थोडं कमी होतं, स्पर्धेत खेळणारे तेच करतात, मला फाटलेलं चित्र बघवत नाही म्हणून मी नाही करत.

मॉनिटरच्या मेनूमधल्या ओव्हरड्राइव्हला, म्हणजे ठिपके भराभर रंग बदलायला लावणाऱ्या सेटिंगला, चार पायऱ्या आहेत. बॉक्सवरचं १ एमएस (मिलिसेकंद) हवं तर शेवटची लावा असं सुचवतात, ती लावली की पळणाऱ्या माणसामागे पांढरट सावली पळते, भूत जणू. मी दुसऱ्यावर ठेवलंय, आणि हलवलेलं नाही. एमपीआरटी नावाचा मोड आहे, त्यात बॅकलाइट लुकलुकवून चित्र स्वच्छ दिसतं खरं, पण उजेड अर्धा होतो, जी-सिंक बंद पडतं आणि अर्ध्या तासात डोकं ठणकायला लागतं. बाद. एफएसआर ३ चं फ्रेम जनरेशन, म्हणजे दोन खऱ्या चित्रांमध्ये एक बनवलेलं चित्र घुसवणं, स्टोरीवाल्या गेममध्ये चालवून बघितलं, आकडा ११० दाखवतो, हाताला मात्र ६० चंच लागतं, कारण मधलं चित्र बनवायला पुढचं खरं चित्र थोपवून ठेवावं लागतं. निवांत घोड्यावरून फिरायचं असेल तर ठीक, गोळीबारात नको.

तक्रारी दोन. रात्री आई झोपल्यावर दिवा बंद करून खेळतो तेव्हा खालच्या उजव्या कोपऱ्यात पिवळट उजेड दिसतो, आयपीएसला असतोच, दिवसा दिसत नाही. दुसरी, खुर्चीवरून उठलं की स्क्रीन सेकंदभर काळी व्हायची, मला वाटलं मॉनिटर गेला, सर्व्हिस सेंटरला फोन केला तर फॉरमॅट मारा म्हणाले. निघालं काय तर गॅसवाल्या खुर्चीतून उठताना स्टॅटिक सुटतं आणि केबल ते पकडते, मी मध्ये एक लांब स्वस्त डिस्प्लेपोर्ट केबल लावली होती ना टेबल सरकवायला, ती काढून खोक्यातली आखूड परत लावली, त्यानंतर एकदाही नाही.

वॉरंटी तीन वर्षांची आहे म्हणून खोका टाकता येत नाही. तो परत माळ्यावर गेलाय, आता त्यात आईने गणपतीच्या लाइटच्या माळा भरून ठेवल्यात.