मांजराच्या गजकर्णाच्या नावाखाली १२,७९९ रुपयांची लूट

मोबाईलवर ‘पशुत्वचातज्ज्ञ’ म्हणवून घेणाऱ्या एका माणसाने माझ्याकडून १२,७९९ रुपये उकळले. फोंड्यात पावसाळ्याच्या दमट दिवसांत आमच्या मनीच्या कानामागे रुपयाएवढे गोल टक्कल पडले, कडेला राखाडी खपल्या धरल्या आणि पाठोपाठ मुलीच्या दंडावर लाल कडे उठले. जवळच्या दवाखान्यातील डॉक्टर रजेवर होते. अशा वेळी जो फोन उचलतो त्याच्यावर माणूस विश्वास ठेवतो, यात मला गैर वाटत नाही.

मलम आणि शाम्पूच्या ‘किट’चे ३,४९९ रुपये त्याने आगाऊ घेतले. मलमाच्या डबीवर घटक, बॅच क्रमांक, परवाना यांपैकी काहीच छापलेले नव्हते. खाज लगेच थांबली, टक्कल मात्र पसरत गेले. स्टेरॉइडने नेमके असेच होते, हे मला नंतर खऱ्या डॉक्टरांनी सांगितले. ज्या डबीवर घटक लिहिलेले नाहीत, ती उघडूच नका.

त्यानंतर ‘फंगल कल्चर’साठी, म्हणजे केसांवरची बुरशी वाढवून ओळखण्याच्या चाचणीसाठी, २,८०० रुपये घेतले. केस कुरियरने पाठवले आणि ते पोहोचल्याच्या दुसऱ्याच दिवशी ‘मायक्रोस्पोरम कॅनिस पॉझिटिव्ह’ असा शिक्का मारलेला अहवाल आला. तो क्षण आठवला की अजून अंगाची लाही होते, कारण ही बुरशी प्रयोगशाळेत वाढायलाच दिवस लागतात आणि पक्क्या निकालाला दोन-तीन आठवडे जाऊ शकतात. पण हे सामान्य माणसाला कोण सांगणार? जंतूचे नाव खरे होते, मांजरांत बहुतेक वेळा हीच बुरशी असते, म्हणून तो कागदही खराच वाटला. शेवटी ‘खास इंजेक्शन’चे ६,५०० रुपये घेऊन त्याने नंबर बंद केला.

पोलीस चौकीत मला सांगण्यात आले की पैसे तुम्ही स्वखुशीने पाठवले आहेत. एका हवालदाराने तर ‘मांजरावर एवढा खर्च?’ असेही विचारले. बँकेने पिन तुम्हीच टाकला म्हणून हात वर केले, चौकीने पुन्हा बँकेकडे धाडले, आणि तो माणूस नोंदणीकृत पशुवैद्य आहे की नाही, एवढे साधे तपासून सांगायलाही कुणी तयार नव्हते. करदात्याने दाद मागायची तरी कुठे?

पैसे गेल्याचे कळताच त्याच तासाला १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करा. मला हा क्रमांक फार उशिरा कळला. पशुवैद्याचा नोंदणी क्रमांक पैसे देण्यापूर्वीच मागा. मनीला आता वजनाप्रमाणे इट्राकोनाझोल हे बुरशीवरचे औषध सुरू आहे, आणि गळलेल्या केसांतील बुरशीचे बीजाणू महिनोन्‌महिने टिकतात म्हणून गाद्या, पडदे, कंगवे सगळे धुवावे लागत आहे. मुलीला त्वचारोगतज्ज्ञांकडे न्यावे लागले, तो खर्च निराळाच.

तिन्ही व्यवहारांचे क्रमांक आणि तो खोटा अहवाल मी जपून ठेवला आहे. कुत्र्याच्या किंवा मांजराच्या त्वचारोगावर कुणाला असाच एका दिवसात कल्चरचा अहवाल मिळाला असेल, तर मला कळवावे. आपण तक्रार एकत्र दाखल करू.