कोबा काढून पेव्हर ब्लॉक : एका पावसाळ्यानंतरचा हिशोब

पेव्हर ब्लॉकचं काम झाल्यापासून घरी येणारा प्रत्येक जण विचारतो, "स्क्वेअर फुटाला काय पडलं?" २०० रुपये म्हटलं की समोरच्याला वाटतं, आम्हाला कुणीतरी चांगलंच कापलं. कारण सांगलीत कुठेही चौकशी केली तर मटेरियल-लेबर धरून ७०-७५ चा भाव ऐकायला मिळतो. तो भाव खोटा नाही. फक्त त्यात जमीन धरलेली नसते.

आमची जमीन काळी. उन्हाळ्यात आकसते, भेगाळते, आणि पाऊस लागला की फुगते. गेटपासून पोर्चपर्यंतचा जुना कोबा याच उचल-खचीत तडकला होता. भेगेतून पाणी आत, खालची माती आणखी मऊ, मग गाडीच्या चाकाखाली खड्डा. वरून नुसतं सिमेंट भरून काही उपयोग होत नव्हता. त्यावरच ब्लॉक मांडून देतो म्हणणारेही भेटले, आणि स्वस्तात म्हणणारे तर फारच उत्साही होते.

जागा २५ फूट बाय २०, म्हणजे ५०० चौरस फूट. खर्च साधारण असा झाला : कोबा फोडून राडारोडा उचलायला १४ हजार. फूटभर काळी माती काढून बाहेर टाकायला १६ हजार. खोदाईपेक्षा ट्रॉलीचंच भाडं जास्त. मुरूम, त्यावर खडी, पाणी मारून थरावर थर दाबून घ्यायला २४ हजार. इथवर ५४ हजार गेले आणि ब्लॉक अजून यायचेच होते! ८० एमएमचे झिगझॅग ब्लॉक २४ हजार, गाडीभाडं ३, कच (दगडाचा बारीक चुरा) पसरून बसवायची मजुरी ९, कडेचे कर्ब ६, ड्रेनेजचं चेंबर उचलून नव्या लेव्हलला घ्यायला ४. एकूण लाख.

दुसरा पर्याय ट्रिमिक्सचा, म्हणजे जादा पाणी मशिनने ओढून घेतलेल्या अखंड काँक्रीटचा होता. दिसायला तो सरस, झाडायलाही सोपा. पण आमची नळाची आणि ड्रेनेजची लाइन याच जागेखालून जाते, म्हणून ब्लॉक घेतले. ऐन पावसाळ्यात नळाचा जोड गळायला लागला तेव्हा प्लंबरने तेवढेच ब्लॉक उचलले, जोड बदलला, कच सारखी करून तेच ब्लॉक परत ठोकून बसवले. काँक्रीट असतं तर ब्रेकर लावावा लागला असता आणि वर ठिगळ दिसलं असतं ते वेगळंच.

पावसाचं सांगायचं तर पाणी कुठे साचलं नाही. पोर्चकडून गेटकडे सहा इंचांचा ढाळ काढून घेतला होता, मिस्त्री तीन पुरेत म्हणत होता. चाकांच्या पट्ट्यातही अजून खचलेलं नाही. एका ठिकाणी मात्र दोन-चार ब्लॉक हललेत. तिथे आम्ही गाडी उभ्या उभ्याच स्टिअरिंग वळवून मागे घेतो. सांध्यातली कच पहिल्या पावसात खाली बसली, ती पुन्हा भरावी लागली. मुंग्याही ती उकरून वर आणतात. सावलीच्या बाजूला शेवाळ धरतं, तिथे स्कूटर जपून. सांध्यात उगवणारं गवत उपटायचं काम घरात कुणालाच आवडत नाही. लाल रंगाचं तर बोलूच नका, उन्हाच्या बाजूला तो आत्ताच विटकरीचा फिका गुलाबी झालाय. करड्या ब्लॉकला काही झालेलं नाही. आता घ्यायचे असते तर सगळे करडेच घेतले असते.

ब्लॉक विकत घेताना रंगापेक्षा तारीख विचारा. पूर्ण ताकद यायला काँक्रीटला २८ दिवस धरतात, आणि सीझनमध्ये आठवडाभराचा ओला मालही गाडीत चढतो. आयएस १५६५८ या मानकाप्रमाणे चाचणी केल्याचा कागद मागा. दोन ठिकाणी आम्ही मागितला तर "आमचा माल सगळ्या सोसायट्यांना जातो" एवढंच उत्तर मिळालं. नुसती दुचाकी असेल तर ६० एमएम चालतो. आमच्याकडे सिलिंडरचा टेम्पो अधूनमधून आत येतो, म्हणून ८०. आणि कर्ब टाळून पैसे वाचवू नका. कडेला धरून ठेवणारं काही नसेल तर ब्लॉक हळूहळू बागेकडे सरकत जातात, शेजारच्या गल्लीत एकाचे सरकलेत.

तुमच्याकडे खाली मुरमाड जमीन असेल तर माती काढायचा खर्च जवळपास वाचतो आणि भरावही कमी लागतो. दर विचारायच्या आधी कोपऱ्यात फूटभर खड्डा खणून बघा, आणि कोटेशनमध्ये खोदाई, भराव, राडारोडा वेगवेगळे लिहून घ्या.